ब्रह्मदेशावरील स्वारी आणि आमचें लोकमत

भंडारा जिल्ह्यांत दिघोरी म्हणून एक गांव आहे. तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या यांनीं भरलेल्या त्या मुलखांत पाऊस वेळेवर आला तर धान पिकतें, आणि धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोरी येते. मीठ मात्र तेथें पिकत नाहीं. तें बाहेरून यावयाचें, आणि इंग्रजी अमलांत सरकारचा कर डोक्यावर घेऊनच यावयाचें. इ. स. १८८८ च्या जानेवारींत हा कर मणामागें दोन रुपये होता तो अडीच रुपये झाला. ह्या वाढलेल्या आठ आण्यांचा माग काढीत गेलें तर माणूस दिघोरीहून निघून थेट मंडाले येथील राजवाड्यांत जाऊन पोंचतो. वाटेंत सागवानाचे ओंडके लागतात, एका राजानें केलेला दंड लागतो, लंडनमधील पार्लमेंट लागतें, आणि मुंबईच्या एका पाठशाळेंत जमलेल्या बहात्तर गृहस्थांचा एक ठराव लागतो. त्या ठरावाविषयीं आज चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजीं मुंबईस सुरू झालें, हें आमच्या घरांतील शाळकरी मुलांसहि पाठ असतें. तें पुण्यास व्हावयाचें होतें. पुण्यांत पटकीची सांथ आली म्हणून तें मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरलें. व्योमेशचंद्र बानर्जी अध्यक्ष होते. येथपर्यंत सर्वांची आठवण पोंचते. त्या सभेनें नऊ ठराव केले. कायदेकौन्सिलें, सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा, इंडिया कौन्सिल यांविषयींचे ठराव ग्रंथांतरीं वारंवार येतात. परंतु त्यांतील सातवा ठराव शेजारच्या एका स्वतंत्र राज्यावर नुकत्याच झालेल्या स्वारीसंबंधीं होता, आणि तो फिरोजशहा मेथांसारख्या वजनदार पुढाऱ्यानें मांडला होता, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. हिंदी लोकांनीं परराष्ट्रकारणावर सभेंत बसून एकत्रितपणें दिलेलें हें पहिलेंच मत म्हटलें तरी चालेल.

प्रकरण १८८५ सालीं एकाएकीं उपटलें नव्हतें. इंग्रजांचें ब्रह्मी राजांशीं पहिलें युद्ध १८२४ सालीं सुरू झालें व १८२६ च्या यांदाबूच्या तहानें संपलें. त्यांत आराकान व तेनासरीम हे प्रांत गेले आणि वर एक कोट रुपये खंडणी बसली. दुसरें युद्ध १८५२ सालीं डलहौसीच्या कारकीर्दींत झालें. त्याचें मूळ पाहिलें तर हंसावें कीं रडावें तें कळत नाहीं. रंगूनच्या सुभेदारानें दोन इंग्रज जहाजांच्या कप्तानांस दंड केला. त्याबद्दल मागितलेल्या भरपाईचा आंकडा दहा हजार रुपयांच्या आंतबाहेरचा होता. आणि भरपाईच्या हट्टाचा शेवट पेगूचा सबंध प्रांत खालसा होण्यांत झाला. त्या वेळीं इंग्लंडांत रिचर्ड कॉब्डेननें हिंदुस्थानांत युद्धें कशीं उभीं केलीं जातात ह्याच विषयावर एक पुस्तिका लिहून आपल्याच देशबांधवांस लाजविलें होतें. तेव्हां आमच्याकडे बोलणारें लोकमत नव्हतें. १८८५ सालीं तें होतें.

तिसऱ्या युद्धाचें निमित्तहि दंडाचेंच होतें. फक्त रक्कम वाढली होती. बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ सालीं स्थापन झालेली कंपनी वरच्या ब्रह्मदेशांतील जंगलांतून सागवान तोडून इरावतीच्या प्रवाहानें खालीं आणीत असे. तिनें नेलेल्या ओंडक्यांपैकीं पुष्कळांवरील जकात बुडविली असा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबारानें १८८५ च्या ऑगस्टांत तिला सुमारें तेवीस लक्ष रुपये दंड ठोठावला. दंड योग्य होता कीं अयोग्य हा प्रश्न आम्ही येथें सोडवूं पाहात नाहीं. थिबाच्या दरबाराला पैशाची निकड होती हें खरें, आणि कंपनीचे हिशेब निर्मळ होते असें शपथेवर सांगणाराहि कोणी नाहीं. इंग्रज सरकारनें तंटा लवादाकडे देण्याची सूचना केली, ती राजानें नाकारली. तेव्हां २२ ऑक्टोबर रोजीं निर्वाणीचा खलिता धाडण्यांत आला. त्यांत कंपनीवरील कारवाई थांबवावी एवढेंच नव्हतें. मंडालेस इंग्रज वकील ठेवून घ्यावा, चीनकडील व्यापारास वाट करून द्यावी, आणि यापुढें परराष्ट्रांशीं जें बोलावयाचें तें हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्यानें बोलावें, अशीं कलमें होतीं. एका लांकडाच्या वखारीच्या तंट्यांत राज्याचें स्वातंत्र्यच मागून घेतलें होतें. थिबानें कांहीं कलमें मान्य केलीं. परराष्ट्रव्यवहाराचें कलम मात्र त्यानें फ्रान्स, इटली वगैरे राष्ट्रांच्या एकत्र विचारावर ढकललें. हें उत्तर नकाराचें धरलें गेलें. १४ नोव्हेंबर रोजीं जनरल प्रेंडरगास्टच्या फौजेनें सरहद्द ओलांडली आणि पंधरा दिवसांच्या आंत मंडाले पडून राजा कैद झाला. ह्या फौजेंत गोरे शिपाई थोडे, हिंदी शिपाई पुष्कळ होते.

आतां वाद काय होता तें पाहूं. स्वारीचे कैवारी तीन गोष्टी सांगत. थिबा जुलमी आहे, १८७९ सालीं त्याच्या दरबारानें राजकुळांतील सत्तर-ऐंशी माणसांची कत्तल केली, अशा राजापासून प्रजेची सुटका करणें हें पुण्यकर्म आहे, ही पहिली. फ्रेंच लोक टाँकिनांत बसले आहेत, १८८५ च्या जानेवारींत त्यांनीं थिबाशीं तह केला आहे, उद्यां ते हिंदुस्थानच्या उंबरठ्यावर येतील, ही दुसरी. तिसरी गोष्ट व्यापाराची. ती रंगूनचे व लंडनचे व्यापारी उघडपणें बोलत, आणि पहिल्या दोहोंपेक्षां आम्हांस तीच अधिक प्रामाणिक वाटते. कत्तल होऊन सहा वर्षें लोटलीं होतीं. सहा वर्षें जी दया निजली होती ती दंडाचा आंकडा ऐकतांच जागी व्हावी, ह्याचा अर्थ देशी पत्रकारांस उमगला नाहीं असें थोडेंच होणार! बहुतेक सर्व देशी पत्रांनीं ह्या स्वारीचा निषेध केला. अफगाणिस्तानच्या १८७८-८० मधील युद्धाचा अनुभव ताजा होता. त्या युद्धाचा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला तेव्हां इकडे व तिकडे ओरड झाली आणि अखेर ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळानें पन्नास लक्ष पौंड इंग्लंडच्या तिजोरींतून दिले. ओरड केली तर कांहीं पदरांत पडतें, हा धडा लोकांनीं गिरविलेला होता.

कायद्याचा आधारहि होता. १८५८ च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमानें असें ठरविलें होतें कीं, परचक्र परतविण्याखेरीज इतर कारणासाठीं हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेर फौज धाडावयाची तर तिचा खर्च हिंदुस्थानच्या उत्पन्नांतून पार्लमेंटच्या दोन्ही सभांच्या संमतीवांचून करूं नये. कलम चांगलें होतें. पण संमति देणारे तेच, खर्च करविणारे तेच, आणि पैसे भरणारे मात्र तिसरेच. १८८६ च्या फेब्रुवारींत हा प्रश्न कॉमन्स सभेपुढें आला. हिंदुस्थानच्या माथीं हा खर्च मारूं नये असें म्हणणारे कांहीं सभासद तेथें निघाले. त्यांचा पाडाव झाला. त्याच्या आदल्याच हिंवाळ्यांत इंग्लंडांतील मतदारांस हिंदुस्थानचें म्हणणें ऐकविण्याकरितां आमचे नारायण गणेश चंदावरकर, बंगालचे मनमोहन घोष व मद्रासचे रामस्वामी मुदलियार हे तिघे तेथें गांवोगांव व्याख्यानें देत हिंडले होते. ते परत फिरेपर्यंत मंडाले पडलें होतें.

अशा स्थितींत मुंबईची सभा भरली. राजा कैदेंत होता, परंतु राज्य खालसा केल्याचा जाहीरनामा अद्याप निघाला नव्हता. सातव्या ठरावाचा आशय असा होता: वरचा ब्रह्मदेश खालसा करणें ह्या सभेस पसंत नाहीं, आणि सरकारनें दुर्दैवेंकरून तसें केलेंच तर सबंध ब्रह्मदेश व्हाइसरॉयच्या अमलांतून काढून सिलोनप्रमाणें निराळी वसाहत करावा. ठराव पास झाला, मंडळी आपापल्या गांवीं गेली, आणि १ जानेवारी १८८६ रोजीं लॉर्ड डफरिननें जाहीरनामा काढला. सभेच्या शब्दाची एवढीच किंमत झाली.

हा ठराव आम्ही प्रथम वाचला तेव्हां, खरें सांगावयाचें तर, आमची थोडी निराशा झाली होती. त्यांत ब्रह्मी लोकांच्या स्वातंत्र्याविषयीं एक अक्षर नाहीं. परराज्य गिळणें अन्याय्य आहे असें त्यांत म्हटलेलें नाहीं. नापसंत आहे एवढेंच म्हटलें आहे. उत्तरार्ध तर सरळ सरळ असें सुचवितो कीं, चोरी करणेंच असेल तर तुमच्या नांवावर करा, आमच्या खात्यावर लिहूं नका. शेजाऱ्याचें घर लुटलें जात असतां दिव्याच्या तेलाचा हिशेब मागणाऱ्या माणसासारखें हें दिसतें.

पण त्याच सभेचे पांचवा व सहावा हे ठराव शेजारीं ठेवून वाचले म्हणजे हें मत बदलावें लागतें. पांचव्यांत लष्करी खर्चाची योजिलेली वाढ अनावश्यक ठरविली आहे. त्या विषयावर दिनशा वाच्छांनीं आंकडे देऊन भाषण केलें. सहाव्यांत असें म्हटलें आहे कीं, ही वाढ टळतच नसेल तर आयात मालावरील जकाती पुन्हा बसवाव्या आणि लायसेन्स टॅक्स आजवर ज्यांस माफ आहे अशा सरकारी व बिनसरकारी वर्गांवरहि तो लादावा. ते माफ असलेले वर्ग कोणते? वकील, डॉक्टर, प्रोफेसर, सरकारी अंमलदार. म्हणजे पाठशाळेच्या दिवाणखान्यांत बसलेली बहुतेक मंडळी व त्यांचे सगेसोयरे! खर्चाचा प्रश्न त्यांनीं स्वतःच्या खिशासाठीं काढला नव्हता. कर बसणारच असेल तर तो आमच्यावर बसवा, पण मिठासारख्या जिनसेस हात लावूं नका, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दिघोरीच्या शेतकऱ्यानें त्यांस निवडून दिलें नव्हतें. त्यास सभा भरल्याचें वृत्त कळलें असेल असेंहि नाहीं. तरी त्याचा वकील तेथें होता. ब्रह्मी शेतकऱ्याचा वकील मात्र कोणी नव्हता, हा आक्षेप शिल्लक राहतो आणि तो आम्ही खोडूं इच्छित नाहीं.

येथें एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. ज्या मुलखांत दिघोरी आहे तो नागपूरकर भोसल्यांचा. नागपुराहून छत्तीसगडाकडे जाणारी वाट भंडाऱ्यावरून जाते. त्या वाटेनें पूर्वेस गेलेल्या भोसल्यांच्या फौजांनीं १७४२ पासून सुमारें दहा वर्षें बंगाल्यांत काय केलें तें बंगाली लोक विसरलेले नाहींत. तिकडे आया मुलांस निजवितांना बर्गी येतील म्हणून भेवडावीत असत; ते बर्गी म्हणजे आमचेच बारगीर. त्या स्वाऱ्यांविषयींहि वाद झाला होता, परंतु तो सातारच्या दरबारांत, पेशवे आणि रघूजी भोसले यांच्या हद्दींविषयीं. १७४३ सालीं नानासाहेब पेशवे अलिवर्दीखानाकडून रोख रक्कम घेऊन रघूजीस बंगाल्यांतून हुसकून काढण्यास गेले, आणि त्याच वर्षीं शाहू महाराजांनीं दोघांस मुलूख वांटून देऊन भांडण मिटविलें. पुढें १७५१ च्या तहानें बंगालची चौथाई वर्षास बारा लक्ष ठरली. बंगालच्या रयतेचें काय, हा प्रश्न त्या साऱ्या वादांत कोणीं काढल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. भास्करराम कोल्हटकराच्या शौर्याचे पोवाडे गाणाऱ्यांनीं डफरिनच्या नांवानें बोटें मोडतांना हें ध्यानांत ठेवावें. १८८५ च्या ठरावांत न्यूनें असतील, पण शेजारच्या मुलखावरील स्वारीचा भार रयतेवर काय पडतो असें विचारण्याची संवय आम्हांस त्या पिढीनें लावली. त्यापूर्वीं ती आम्हांत नव्हती.

आतां स्वारीचा पुढील भाग. पंधरवड्यांत जिंकलेला देश पांच वर्षें स्वस्थ बसला नाहीं. राजा गेला तरी गांवोगांवचे सरदार, राजकुळांतले पुरुष, फुंगी, बेकार झालेले शिपाई आणि खरोखरीचे दरवडेखोरहि शस्त्रें घेऊन उठले. सरकारी कागदांत या सर्वांस 'डाकू' हें एकच नांव आहे. जेथें दहाएक हजार फौज गेली होती तेथें तीसेक हजार ठेवावी लागली. मुंबईच्या लष्करांतील पलटणीहि गेल्या. मंडालेस कैद्यांस गोळ्या घालतांना एका लष्करी अंमलदारानें त्यांचीं छायाचित्रें काढलीं, ही बातमी लंडन टाइम्सच्या बातमीदारानें फोडली तेव्हां इंग्लंडांतहि गिल्ला झाला. हा बंदोबस्त पुरा करण्याचें काम १८८७ सालीं सर चार्ल्स क्रॉस्थवेट यांजकडे आलें. हे गृहस्थ त्यापूर्वीं आमच्या मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. बंडखोरांचे नातलग गांवांतून उठवून दूर नेऊन ठेवणें, सबंध गांवास सामुदायिक दंड करणें, हे उपाय त्यांनीं चालविले आणि पुढें १९१२ सालीं त्या सर्व कामगिरीचा एक ग्रंथहि लिहिला. क्रॉस्थवेट यांच्यानंतर ब्रह्मदेशास गेलेले सर अलेक्झांडर मॅकेंझी हेहि नागपूरची गादी चालवूनच तिकडे गेले. इकडच्या माणसांचा व तिकडच्या माणसांचा हाकम एकच, आणि पैसाहि एकाच थैलींतला.

थैली कशी भरली तें आतां सांगतों. सारा दोष ब्रह्मदेशावर टाकणें न्यायाचें नाहीं. १८८५ च्या मार्चांत पंजदेह येथें रशियन व अफगाण यांची चकमक झाल्यापासून वायव्य सरहद्दीवर लष्कर वाढविण्याची घाई सुरू होती. शिवाय चांदीचा भाव उतरत असल्यामुळें विलायतेस धाडावयाच्या रकमेस दरसाल अधिक रुपये लागत होते. ह्या दोहोंत ब्रह्मदेशाची भर पडली. १८८६ सालीं इन्कमटॅक्साचा कायदा झाला. पांचशें रुपयांपासून पुढच्या वार्षिक प्राप्तीवर रुपयास चार-पांच पई द्याव्या लागूं लागल्या. म्हणजे सहाव्या ठरावांत सभेनें आपण होऊन पुढें केलेला हात सरकारनें धरला. परंतु तेवढ्यावर भागलें नाहीं, आणि १८८८ च्या जानेवारींत मिठावर आठ आणे चढले. १८८२ सालीं लॉर्ड रिपनच्या कारकीर्दींत हा कर दोन रुपयांवर आणला गेला होता. सहा वर्षांतच तें औदार्य संपलें. रुपया-आठ आण्यांची ही वाढ शहरच्या घरांत जाणवली नसेल. ज्याच्या पेजेंत आणि आंबिलींत मिठाशिवाय दुसरी चव नाहीं, ज्याच्या बैलासहि मीठ चाटविणें लागतें, त्यास ती जाणवते. १८९० च्या कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेंत गोपाळराव गोखले यांनीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, ह्याच कराविरुद्ध भाषण केलें. ते आठ आणे १९०३ सालीं उतरले. मंडालेच्या मोहिमेनंतर सतरा वर्षांनीं!

ब्रह्मी लोकांनीं ह्या साऱ्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें असेल, हा विचार आमच्याकडे उशीरा सुचला. त्यांस पार्लमेंट दिसलें नाहीं, मुंबईचा ठराव दिसला नाहीं. त्यांस हिंदी शिपाई दिसला. त्याच्या मागून कारकून, हमाल, दुकानदार व चेट्टी सावकार आले. १९३१ च्या खानेसुमारींत रंगून शहरांत निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी लोकांची निघाली, आणि मंदीच्या त्या वर्षांनंतर खालच्या ब्रह्मदेशांतील मुख्य धानाच्या जिल्ह्यांत सुमारें चौथाई जमीन चेट्टी सावकारांच्या हातीं गेली. धानाचा शेतकरी आणि सावकार यांचें नातें काय असतें तें भंडाऱ्याच्या वाचकांस आम्हीं समजावून द्यावें असें नाहीं. १९३० व १९३८ सालीं हिंदी लोकांविरुद्ध दंगे झाले. १९४२ सालीं जपानी येतांच चार-पांच लक्ष हिंदी लोक पायीं व जहाजांनीं पळाले आणि त्यांतले हजारों अरण्यांत मेले. दरम्यान १ एप्रिल १९३७ रोजीं ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा करण्यांत आला होता. सातव्या ठरावाचा उत्तरार्ध अशा रीतीनें बावन्नाव्या वर्षीं सिद्धीस गेला. पण त्या वेळेपर्यंत तो कोणाच्या स्मरणांतहि नव्हता.

राष्ट्रीय सभेची स्वतःची भाषाहि मध्यंतरीं पालटली होती. १९०४ सालीं तिबेटावरील मोहिमेचा खर्च हिंदुस्थानावर टाकला तेव्हां मुंबईच्या अधिवेशनांत पुन्हा ठराव झाला, आणि त्यांत पुन्हा १८५८ च्या कायद्याचीच दुहाई होती. १९२१ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस अखिल भारतीय समितीनें मात्र निराळाच सूर लाविला: हिंदुस्थान सरकार हें हिंदी लोकमताचें प्रतिनिधि नाहीं, आणि शेजारच्या राष्ट्रांनीं स्वतंत्र हिंदुस्थानाची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. छत्तीस वर्षांपूर्वीं खर्चाचा कागद पुढें करणारी सभा आतां शेजाऱ्यास अभय देत होती. आमच्या मतें हें दुसरें बोलणें पहिल्यावांचून झालें नसतें. मिठाचा हिशेब मागतां मागतांच माणसें मंडालेपर्यंत पाहूं लागलीं.

थिबा राजास प्रथम मद्रासेस आणि तेथून १८८६ च्या एप्रिलांत रत्नागिरीस आणून ठेवलें. सत्तावीस वर्षांचा राजा, राणी सुपायालात व लहान मुली भाड्याच्या बंगल्यांत राहूं लागल्या. समुद्राकडे पाहणारा मोठा वाडा १९१० च्या सुमारास तयार झाला. रत्नागिरीकर त्यास अजून थिबा पॅलेसच म्हणतात. त्याच रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांस १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस नेण्यांत आलें. थिबाच्या कोटास आतां फोर्ट डफरिन असें नांव होतें, आणि टिळकांचा तुरुंग त्या कोटांतच होता. गीतारहस्याचें लेखन तेथेंच झालें. १९१४ च्या जूनांत टिळक सुटून पुण्यास आले. थिबा सुटला नाहीं. १९१६ च्या डिसेंबरांत तो रत्नागिरीस वारला. राणीस १९१९ सालीं रंगूनला परत जाऊं दिलें. राजाचें थडगें रत्नागिरींतच आहे, आणि २०१२ च्या डिसेंबरांत ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन तेथें येऊन त्याचें दर्शन घेऊन गेले.